लोकल चॅनल विकलं जातं तेव्हा नेमकं काय विकलं जातं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावी केबलवर चालणाऱ्या लोकल चॅनलमध्ये तुम्ही 8 वर्षं आहात. बातमी आणायची तुम्हीच, एडिट करायची तुम्हीच आणि संध्याकाळी वाचायचीही तुम्हीच. मालकाने आता ते चॅनल जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या केबल कंपनीला दिलं आहे. नव्या लोकांचं म्हणणं असं, की गावची तीन बुलेटिनं बंद करू, त्याऐवजी सगळ्या जिल्ह्याचं एक बुलेटिन मुख्य स्टुडिओतून जाईल. अकरा जणांपैकी तिघं पगारावर राहतील, बाकीच्यांनी स्ट्रिंगर व्हावं आणि बातमीमागे पैसे घ्यावेत. तुम्ही विचारता, हे सगळीकडेच चाललंय का, आणि मी थांबू की बाहेर पडून यूट्यूबवर स्वतःचं काही सुरू करू?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: हो, बऱ्याच ठिकाणी असंच चाललंय. दुसऱ्या भागाचं उत्तर तुमच्या कागदपत्रांवर, गावाच्या आकारावर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ते मी इथून ठरवू शकत नाही. पण ठरवायला लागणारी माहिती देऊ शकतो. मी आधी लोकल बुलेटिन काढायचो, नंतर बरीच वर्षं केबल कंपनीत कंट्रोल रूम आणि चॅनल प्लेसमेंटचं, म्हणजे कुठलं चॅनल कुठल्या क्रमांकावर दाखवायचं याचं, काम केलं. तुमच्या चॅनलसारख्यांचं काय करायचं हे ज्या बैठकीत ठरतं, तिथे मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे.

तुम्हाला वाटतंय की मालक आत्ता बदलला. माझ्या मते तुमच्या जुन्या मालकाच्या हातून चॅनल खूप आधी गेलं. आता त्याचे फक्त कागद झाले.

अॅनालॉग केबलचे दिवस आठवा. गावातल्या केबलवाल्याचं स्वतःचं कंट्रोल रूम असायचं. गच्चीवर डिश, खाली रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची (चॅनल तारेवर सोडणाऱ्या यंत्राची) मांडणी, आणि एका कोपऱ्यात एक कॉम्प्युटर किंवा त्याआधी व्हीसीआर. लोकल चॅनल सुरू करायचं म्हणजे एक मॉड्युलेटर वाढवायचा आणि रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडायचं. कुणाला विचारायची गरज नव्हती. सिग्नल जिथून निघायचा ती जागा आणि बातमी जिथे तयार व्हायची ती जागा, बहुतेक वेळा एकाच जिन्यावर असायच्या. महाराष्ट्रातली जवळपास सगळी जिल्हा-तालुका चॅनल अशीच जन्मली. गोव्यात 'प्रुडंट' किंवा 'गोवा 365' यांचा पायाही केबलचाच.

1995 च्या केबल कायद्यात 2011 साली दुरुस्ती झाली आणि डिजिटायझेशन सक्तीचं झालं. मुंबई 2012 च्या ऑक्टोबरअखेर डिजिटल झाली. पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर ही शहरं 31 मार्च 2013 च्या टप्प्यात होती. छोट्या शहरांची आणि गावांची मुदत कोर्टकचेऱ्यांमुळे लांबत लांबत 2017 च्या सुरुवातीपर्यंत गेली. प्रेक्षकाच्या दृष्टीने घरात एक सेट टॉप बॉक्स आला, एवढंच. पण धंद्याच्या आतून पाहिलं तर सिग्नल कूटबद्ध होऊन मोठ्या कंपनीच्या, म्हणजे एमएसओच्या, हेडएंडवरून (सिग्नल गोळा करून पुढे सोडण्याच्या केंद्रातून) यायला लागला. गावातल्या केबलवाल्याकडे फक्त तार, वसुली आणि तक्रारी उरल्या. आता लोकल चॅनल टाकायचं तर एमएसओच्या यंत्रणेत जागा हवी आणि यादीत क्रमांक हवा. तो क्रमांक म्हणजे एलसीएन. तो देणारा कधीही काढून घेऊ शकतो.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी बातमीच्या बाजूच्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. तुमचं चॅनल फक्त तुमच्याच तालुक्यात दिसावं असं हवं असेल, तर त्या तालुक्यापुरतं ते मिसळायची यंत्रणा गावात वेगळी ठेवावी लागते. तिला वीज लागते, एसी लागतो, माणूस लागतो. उलट जिल्ह्याचं एकच चॅनल मुख्य हेडएंडवरून सोडलं, तर हा सगळा खर्च वाचतो. तुमची तीन बुलेटिनं एका बुलेटिनात का मिसळली जात आहेत, याचं निम्मं कारण इथे आहे. तुमच्या बातम्या वाईट होत्या, असा त्याचा अर्थ नाही. त्या बैठकीत बातम्या कुणी पाहिल्यासुद्धा नसतील.

उरलेलं निम्मं कारण पैसा आणि नियम. पैशाचं आधी सांगतो.

फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत लागू झाली. पहिल्या 100 चॅनलसाठी महिन्याला जास्तीत जास्त 130 रुपये आणि वर जीएसटी, हे नेटवर्कचं शुल्क. एमएसओ आणि स्थानिक ऑपरेटर यांच्यात वेगळा करार नसेल, तर त्याची वाटणी 55 आणि 45 टक्के, म्हणजे ऑपरेटरच्या वाट्याला एका बॉक्समागे साधारण 58 रुपये. (130 ची कमाल मर्यादा नंतर 2024 मध्ये ट्रायने काढून टाकली.) अॅनालॉगच्या काळात ऑपरेटर किती घरं दाखवायचा आणि प्रत्यक्षात किती असायची, हे तोच जाणे. त्या न दाखवलेल्या वसुलीतूनच कितीतरी लोकल चॅनलचे पगार निघत. कुणी छापून सांगत नाही, पण धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. बॉक्स आले, प्रत्येक घर सर्व्हरवर नोंदलं गेलं आणि ती फट बुजली. त्यात एकीकडे डीटीएच आणि फ्री डिश, दुसरीकडे स्वस्त मोबाइल डेटा. बॉक्स दरवर्षी कमी होतायत. तुमच्या मालकाने चॅनल दिलं ते बातमीचा कंटाळा आला म्हणून नसेल. त्याच्या मूळ धंद्यातच आता लोकल चॅनल पोसण्याइतकी चरबी राहिलेली नाही.

वरच्या पातळीवरही हेच चाललं होतं. हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांतला बहुमताचा हिस्सा घेत असल्याचं रिलायन्सने ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर केलं. सिटी नेटवर्क्स 2023 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोठ्या कंपन्यांच्या डोळ्यासमोर आता घरात जाणारी फायबरची तार आणि ब्रॉडबँडचं कनेक्शन आहे. टीव्ही त्या तारेवरचा एक जास्तीचा माल, आणि लोकल चॅनल त्या मालातली एक ओळ.

आता नियम. केबलवाल्याने स्वतः चालवलेल्या चॅनलला सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. ट्रायने त्याबद्दल शिफारशी 2014 मध्येच दिल्या होत्या, पण माहिती व प्रसारण मंत्रालयाने एमएसओंसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या 30 नोव्हेंबर 2022 ला. त्यातल्या चार गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. नोंदणी चॅनलमागे एकदाच, फी हजार रुपये, म्हणजे पैशाचा अडसर नाही. पण स्थानिक बातम्या दाखवायच्या तर एमएसओ 'कंपनी' म्हणून नोंदलेली असली पाहिजे. भागीदारी किंवा एकट्याच्या नावावरची फर्म चालत नाही. संख्येवर मर्यादा आहे: एकूण चॅनल-क्षमतेच्या 5 टक्के, आणि स्थानिक गरज म्हणून त्यावर प्रत्येक जिल्ह्यामागे आणखी 2. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अशा चॅनलवरचा कार्यक्रम त्याच कंपनीपुरता राहिला पाहिजे, दुसऱ्या केबल किंवा डीटीएच कंपनीला तो थेटही द्यायचा नाही आणि आडूनही नाही. अपवाद फक्त धर्मस्थळांच्या थेट प्रक्षेपणाचा.

या चौथ्या अटीचा गावात काय परिणाम होतो बघा. पूर्वी एका गावात दोन केबल नेटवर्क असली तर लोकल चॅनलवाला दोघांकडे हातापाया पडून, थोडे पैसे देऊन, दोन्हीकडे दिसायचा. त्यामुळे जाहिरातदाराला तो 'सगळं गाव बघतं' असं सांगू शकायचा. आता कागदावर त्याला एकाच्या छत्राखाली जावं लागतं. अर्धं गाव गेलं की जाहिरातीचा दर गेला, आणि दर गेला की स्वतंत्र राहण्यात अर्थ उरत नाही. एकदा एका मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेलात, की मग 'जिल्ह्यामागे 2' हा आकडा समोर येतो. तिच्याकडे त्या जिल्ह्यात आधीच पाच-सहा तालुका चॅनल आली असतील, तर ती एकत्र करण्याचा मोह तिला होणारच. मग उपग्रह चॅनलच का काढू नये, असं मला नेहमी विचारतात. बातम्यांच्या पहिल्या उपग्रह चॅनलसाठी कंपनीची किमान नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 20 कोटी लागते. उत्तर तिथेच संपतं.

थोडक्यात, तुमच्या चॅनलचा जो व्यवहार झाला त्यात विकत घेणाऱ्याला हवा होता तो क्रमांक, घरांपर्यंतची तार आणि गावातल्या जाहिरातदारांची वही. बातमीदार त्यासोबत आले. आठ जणांना स्ट्रिंगर करण्याचा निर्णय त्यामुळे त्यांना अवघड वाटलेला नाही. तो मनाला लावून घेऊ नका, पण त्याबद्दल भ्रमातही राहू नका.

मालक बदलला की सगळं बदलतंच, असं मात्र नाही. आपल्या मोठ्या मराठी चॅनलचीच उदाहरणं घ्या. 'स्टार माझा' 2012 मध्ये 'एबीपी माझा' झालं. नाव, लोगो, रंग सगळं बदललं, पण चालवणारी कंपनी तीच होती, तिच्यात एबीपीचा हिस्सा आधीपासूनच मोठा होता, संपादक राजीव खांडेकरच राहिले. प्रेक्षकाला चार दिवसांत नव्या नावाची सवय झाली. उलट 'आयबीएन लोकमत'चं बघा. नेटवर्क18 चा ताबा रिलायन्सकडे जात असल्याचं मे 2014 मध्ये जाहीर झालं, पडद्यावर नाव तेच राहिलं, पण जुलैपर्यंत संस्थापक-संपादक निखिल वागळे बाहेर पडले होते. म्हणून पाटीवरून काही ठरवू नका. पैसा कुठून येतो आणि संपादकाला कुणाचा फोन येतो, ते बघा.

'ई टीव्ही मराठी'चं उदाहरण तुमच्या प्रश्नाला आणखी जवळचं आहे. 2000 साली रामोजी समूहाने ते सुरू केलं तेव्हा त्याची बातमीपत्रं हैदराबादच्या फिल्म सिटीतून वाचली जायची. बातमीदार महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात आणि अँकर शेकडो किलोमीटर लांब. म्हणजे मध्यवर्ती स्टुडिओ आणि गावोगावी बातमीदार ही रचना आपल्याला नवी नाही, आणि ती मुळात वाईटही नाही. जिल्ह्यातल्या बातमीला तेव्हा तिथे खरोखर जागा होती, कारण समूहाने बातमीदार पगारावर नेमले होते आणि डेस्कवर त्या त्या भागातली माणसं होती. पुढे टीव्ही18 ने समूहाची चॅनल घेतली, 2015 मध्ये ते 'कलर्स मराठी' झालं, आणि नोव्हेंबर 2024 पासून ते जिओस्टारच्या घरात आहे. आज त्या चॅनलवर बातमीपत्रच नाही. रचना तीच राहूनही माणसं पगारावर आहेत की कामावारी, याने सगळा फरक पडतो. तुमच्या बाबतीत काळजीची गोष्ट मला स्टुडिओ जिल्ह्याला गेला ही वाटत नाही. आठ माणसं पगारावरून काढली ही वाटते.

कार्यक्रमांचं काय होईल, हे मी साधारण सांगू शकतो, कारण क्रम जवळपास ठरलेला असतो. पहिली जाते नगरपालिकेची सभा. तिला प्रायोजक नसतो, शूटिंग लांबतं, आणि दाखवलं की कुणीतरी नाराज होतं. मग दुपारचं बुलेटिन जातं, त्याजागी रिपीट येतो. मग रात्रीचे स्लॉट विकले जातात: ज्योतिषी, सांधेदुखीचं तेल, जमिनीचे प्लॉट. गणपती विसर्जन, नवरात्र, दहीहंडी आणि गावची जत्रा टिकते, किंबहुना वाढते, कारण त्यात पैसा आहे. शिवाय पाच कॅमेरे आणि ड्रोन लावून नवा मालक आपली ताकदही दाखवून घेतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तर कुठल्याच मालकाच्या राज्यात बंद होत नाहीत.

एक चूक मात्र बाहेरून आलेला प्रत्येक मालक करतो. तो खालची पट्टी साफ करतो. निधनवार्ता, दशक्रियेची वेळ, उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही, बाजार समितीत कांदा काय भावाने गेला, हरवलेल्या म्हशीची खूण. शहरातल्या डिझायनरला हे गबाळं दिसतं. मी कंट्रोल रूममध्ये असताना लोकल चॅनल बंद पडलं की ऑपरेटरांचे फोन यायचे. 'बातम्या दिसत नाहीत' असं क्वचित कुणी म्हणायचं. 'पट्टी दिसत नाही, आमच्या घरचं टाकलंय' हीच तक्रार जास्त असायची. गावात माणूस गेला की अंत्ययात्रा किती वाजता निघणार हे लोक त्या पट्टीवर बघतात. लग्नाच्या हॉलपासून फुलवाल्यापर्यंत सगळे बघतात. तुम्ही थांबणार असाल तर नव्या मालकाला ही एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात पटवा: जिल्ह्याचं बुलेटिन करा, पण पट्टी तालुक्यानुसार वेगळी ठेवा. तांत्रिकदृष्ट्या पूर्ण चॅनल वेगळं ठेवण्यापेक्षा हे स्वस्तात जमतं. आणि पट्टी चालवणारा माणूस गावातलाच लागतो, म्हणजे तुमच्यातल्या एकाची पगाराची नोकरी टिकते.

आता तुमच्यापुरतं. आधी कागद कसला झाला आहे ते शोधून काढा. तुम्ही 'चॅनल विकलं' म्हणता, पण त्याचे निदान तीन प्रकार असतात. मालकाने कंपनीच विकली असेल तर तुमची नोकरी, तुमची सेवा आणि तुमची थकबाकी तत्त्वतः नव्या मालकाकडे जाते. फक्त क्रमांक आणि चॅनलचं नाव दिलं असेल आणि कर्मचारी जुन्या फर्मच्याच पटावर असतील, तर तुमचं देणं जुना मालक लागतो, आणि नवे लोक 'तुम्ही आमचे नाहीच' म्हणायला मोकळे. तिसरा प्रकार म्हणजे चॅनल वर्षाच्या कराराने चालवायला दिलेलं. त्यात वर्षाने पुन्हा सगळं उलटं होऊ शकतं, आणि निवडणुका जवळ असल्या तर बऱ्याचदा होतं, कारण त्या काळात लोकल चॅनल चालवायला घेणारे साखर कारखान्याच्या किंवा बांधकामाच्या धंद्यातून अचानक उगवतात. तुमच्या पगाराची शेवटची एन्ट्री बँकेत कुणाच्या नावाने आली आहे, तिथून सुरुवात करा.

स्ट्रिंगर म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, विषय काढा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत सलग 5 वर्षं काढली की ती लागू होते; आणि एकदा लागू झाली की पुढे माणसं दहाच्या खाली आली तरी सुटत नाही. तुम्ही अकरा जण आहात, म्हणजे हे तुम्हाला लागू पडायला हवं. हिशोब वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाचा, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18 हजार धरले तर 8 वर्षांचे साधारण 83 हजार होतात. लोकल चॅनलमध्ये हे शब्द कुणी उच्चारत नाही, मालकही नाही आणि कर्मचारीही नाहीत. सगळं घरच्यासारखं चाललेलं असतं ना. हजेरीपट, पगाराच्या एन्ट्री, ओळखपत्र, तुमचं नाव पडद्यावर आलेली जुनी बुलेटिनं, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात किंवा कामगार कायद्याची कामं करणाऱ्या वकिलाकडे एकदा जाऊन या. 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे आणि माझं काही येणं नाही' असं एक पान सहसा स्ट्रिंगरच्या कराराला जोडलेलं असतं. ते वेगळं काढून वाचा.

स्ट्रिंगरचं काम मी वाईट म्हणणार नाही. चांगला स्ट्रिंगर तीन-चार ठिकाणी फीड (बातमीचं चित्रण) देतो आणि डेस्कवरच्या माणसापेक्षा जास्त कमावतो. पण त्यासाठी करारात दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे, दुसरीकडे काम करायला बंदी नको. बातमीमागे पैसे आणि वर 'फक्त आमच्यासाठीच' ही अट, हे दोन्ही एकदम कबूल करू नका. बंदी घालायची असेल तर महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी, मग बातम्या चार होवोत की चाळीस. दुसरी म्हणजे, जाहिरातीचं टार्गेट बातमीच्या कामाशी बांधलेलं नको. हे सांगायला सोपं, पाळायला अवघड, मला कल्पना आहे. बातमीचे पैसे सहा-सहा महिने थकतात आणि जाहिरातीचं कमिशन मात्र महिन्याला मिळतं, तेव्हा माणूस हळूहळू जाहिरातवालाच होतो. मग ज्या दवाखान्याची जाहिरात आणली, त्या दवाखान्याविरुद्धची बातमी उचलायला हात होत नाही. निवडणुकीच्या काळात तर केबलवरच्या राजकीय जाहिराती जिल्ह्याच्या एमसीएमसी समितीकडून (निवडणुकीत माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडून) आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात, आणि पेड न्यूजवरही तिचं लक्ष असतं. पैसे घेऊन केलेली 'विशेष मुलाखत' तुमच्या तोंडून गेली, तर कागदावर कंपनीचं नाव असेल, पण गावात चेहरा तुमचा असेल.

आणखी एक गोष्ट लेखी मागा: बातमीवरून नोटीस किंवा गुन्हा आला तर वकील कुणाचा? पगारावर असताना हा प्रश्न मालकाकडे जायचा. स्ट्रिंगर झाल्यावर तो बहुतेक वेळा तुमच्याच दारात येतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे, त्यात कंत्राटी काम करणाऱ्यालाही संरक्षण आहे. पण तुम्ही त्या दिवशी त्या संस्थेसाठी काम करत होता हे दाखवायला काहीतरी लागेल. म्हणून नेमणुकीचं पत्र, निदान ईमेल तरी घ्या. बूम (चॅनलचं नाव असलेला माइक) हातात आहे म्हणजे नेमणूक आहे, असं समजू नका. कंपन्या बूम देताना पत्र देत नाहीत आणि काढून घेताना कारण देत नाहीत.

यूट्यूबबद्दल मी ना उत्साह वाढवणार ना पाणी ओतणार. जाहिरातीच्या वाट्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं ही पहिली पायरी आहे. तुमच्या गावात चेहरा ओळखीचा असल्यामुळे ती तुम्ही ओलांडाल. पण तालुक्याच्या बातम्यांना यूट्यूबकडून जे मिळतं त्यातून घर चालत नाही. चालतं ते गावातल्या जाहिरातीवर, म्हणजे पुन्हा त्याच साडीच्या दुकानावर, क्लासवर आणि दवाखान्यावर. त्यामुळे खरा प्रश्न असा, की ती माणसं आजवर चॅनलला जाहिरात देत होती की तुम्हाला? आठ वर्षांत तुम्हाला याचा अंदाज आलेला असेल. तीन-चार जण जरी 'तुम्ही कराल तिथे आम्ही' म्हणणारे असतील, तर सुरुवात करता येते. एकही नसेल, तर वर्षभर पगारावर थांबून ती ओळख आधी तयार करा. 2021 च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातमीवाल्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि मंत्रालयाला माहिती द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. आणि बातमीच्या मागे सिनेमाचं गाणं लावायची लोकल केबलची सवय आधी सोडा, यूट्यूब ती एका दिवसात सोडवेल.

एक मधला रस्ता मी काही ठिकाणी चाललेला पाहिला आहे. जिल्ह्याच्या बुलेटिनला तालुक्याची बातमी स्ट्रिंगर म्हणून द्यायची, आणि त्यांनी सोडून दिलेलं (पालिकेची सभा, पाणी, रस्ते, शाळा) स्वतःच्या चॅनलवर करायचं. मोठ्या कंपनीला पालिकेच्या सभेत रस नसल्यामुळे भांडण होत नाही. फक्त करारात दुसऱ्या कामाला परवानगी हवी, म्हणून तो मुद्दा वर आधी मांडला.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. आठ वर्षांचं फुटेज कुठे आहे? बहुतेक लोकल चॅनलचं संग्रहण म्हणजे टेबलाखालच्या हार्ड डिस्क. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचं रेकॉर्डिंग 90 दिवस ठेवायचं एवढीच सक्ती आहे. त्यानंतर ते ठेवायचं की पुसायचं, हा नव्या मालकाचा प्रश्न. त्याला त्यात जागा अडवणाऱ्या डिस्क दिसतात. गावातला पूर, जुनी बाजारपेठ, गेलेली माणसं, हे सगळं त्यात आहे. पगारावर असताना केलेल्या कामाचा हक्क चॅनलचा असतो, त्यामुळे गुपचूप कॉपी करून नेऊ नका, उद्या तेच तुमच्या अंगावर येईल. मालकाकडे सरळ अर्ज द्या, की जुनं फुटेज गावच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला एक प्रत म्हणून द्यावं, आणि तुम्ही स्वतः केलेल्या बातम्या तुम्हाला नमुना म्हणून वापरायची लेखी परवानगी द्यावी. जुना मालक अजून गावात आहे आणि त्याला तुमच्याबद्दल थोडं वाईट वाटतंय, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. हे मागायचं असेल तर याच महिन्यात मागा.

करार हातात आला की त्यातली नावं आणि आकडे झाकून अटी इथे टाका. मुदत, दुसरीकडे काम करायची बंदी आणि पैसे किती दिवसांत द्यायचे, ही तीन कलमं मिळाली तरी पुढचं नेमकं सांगता येईल.